सोमवारी जास्त पाऊस पडते

"मॅडम, माठातलं पाणी गोठलं जी."

एप्रिलचा तिसरा आठवडा, सकाळची शाळा, साडेनऊलाच टिनावरून झळ खाली उतरायला लागलेली, आणि सातवीतला एक पोट्टा मला सांगून रायला की पाणी गोठलं. वर्ग खदाखदा हसला. तोही हसत होता पण त्याचं बोट स्क्रीनवर होतं आणि स्क्रीनवर खरंच तसंच दिसत होतं. माठाची निळी रेघ पंचवीसच्या आसपास शहाण्यासारखी चालत येते आणि अचानक विहिरीत उडी मारल्यासारखी थेट शून्यावर, मग पुढच्या रीडिंगला पुन्हा वर.

प्रयोग साधा होता. व्हरांड्यात एक मातीचा माठ, त्याच्या बाजूला स्टीलची टाकी, दोन्हीत एकाच बोअरचं पाणी, आणि दर तासिकेला थर्मामीटर बुडवून आकडा लिहायचा. माठ झिरपतो, झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं, हे पुस्तकात आहेच. आमच्या विदर्भात तर उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की हे काम जोरात चालतं, घराघरातला कूलर पण त्याच तत्त्वावर चालतो आणि पावसाळा लागला की तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो, हे पोरांना मी सांगायची गरजच नव्हती. मला फक्त दोन रेघा एकमेकींपासून दूर जाताना त्यांना दाखवायच्या होत्या.

तर पाणी का गोठलं? त्या पठ्ठ्यानं खान्यात नुसतं २४ न लिहिता "२४ अंश" लिहिलं होतं. परीक्षेत एकक नाही लिहिलं तर मीच अर्धा मार्क कापते, त्यामुळे त्याचं काही चुकलंच नव्हतं म्हणा. पण एक्सेलला आकड्यामागे अक्षर दिसलं की त्याच्यासाठी तो सगळा खानाच मजकूर होतो, आणि मजकुराची उंची किती काढायची हे त्याला कळत नाही, मग ते गपचूप शून्य धरतं. विचारत नाही, तक्रार करत नाही. मी पोरांना एक खूण सांगून ठेवली, आकडा खान्यात उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे, कुठं काही डावीकडे चिकटलेलं दिसलं की समजा गडबड आहे. एकक लिहायचं ते वर, रकान्याच्या डोक्यावर, एकदाच.

ही गोष्ट मी तेव्हा हसून सोडून दिली. पुढं ती पुन्हा येईल असं वाटलं नव्हतं.

मी आर्वीहून अपडाऊन करते. शाळा गावाच्या टोकाला, मागं नाला, पुढं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची वावरं. संगणक पाच आले होते, त्यातले दोन चालतात, तिसरा सुरू होतो पण त्याचा मूड असावा लागतो. लाइन गेली की यूपीएस बोंबलतो आणि पोरं "सेव्ह कर, सेव्ह कर" असं ओरडतात, आमच्या शाळेत सगळ्यात आधी शिकलेला इंग्रजी शब्द बहुतेक हाच असावा.

मी स्वतः आलेख शिकले तो कागदावर. एका रुपयाचा आलेख कागद, टोक काढलेली पेन्सिल, उजव्या कोपऱ्यात "प्रमाण: १ सेमी = ५ एकक", आणि ते प्रमाण चुकलं की अख्खा आलेख कागदाच्या एका कोपऱ्यात मुंगीएवढा व्हायचा. लोक म्हणतात कागदावरच खरं समजतं, संगणकानं पोरं आळशी होतात. मला हे पटत नाही. आमची अर्धी तासिका प्रमाण ठरवण्यात जायची आणि उरलेली अर्धी खोडण्यात, आलेख काय म्हणून रायला हे बघायला वेळच उरायचा नाही. संगणकावर आलेख एका सेकंदात येतो आणि मग चाळीस मिनिटं त्याच्याशी भांडता येतं. फक्त भांडायचं असतं हे आधी सांगावं लागतं, नाहीतर पोरं आलेख आला की काम झालं म्हणून उठतात, वर "चार्ट टायटल" तसंच, खाली "सिरीज वन" तसंच, आणि खांब थ्रीडीत, कारण ते भारी दिसते ना जी.

पहिलं भांडण झालं वेळेवरून. आमच्या रीडिंगा काही सारख्या अंतरानं नव्हत्या, सकाळी सव्वासात, मग सात पन्नास, मग आठ पंचवीस, मग मधल्या सुट्टीत सगळे खिचडी खायला पळाले म्हणून एकदम साडेनऊ. लाइनवाला चार्ट काढला तर त्यानं चारही ठिपके सारख्या अंतरावर मांडले. आठ पंचवीस ते साडेनऊ हा पासष्ट मिनिटांचा काळ त्यानं पस्तीस मिनिटांएवढाच दाखवला, आणि टाकीतलं पाणी मधल्या सुट्टीत एकदम भडकन तापल्यासारखं दिसलं. मी म्हटलं एसटीच्या पाटीवर गावं कशी लिहिलेली असतात? एकाच्या बाजूला एक, सारख्या जागेत. पण म्हणून दोन गावांमधलं अंतर सारखं असते का रे? लाइन चार्ट म्हणजे ती पाटी. खरा रस्ता पाहिजे असेल तर स्कॅटर घ्यायचा, तो आडव्या अक्षावरचे आकडे खरोखरचे आकडे समजून मोजून ठिपका ठेवतो. मग स्कॅटर घेतला तर वेळ ७.१५, ७.५० अशी टिंब देऊन लिहिलेली, म्हणजे त्याच्या लेखी सात पन्नास म्हणजे साडेसात, तासात शंभर मिनिटं. शेवटी एक पोरगी वैतागून म्हणाली, मॅडम घड्याळ सोडून देऊ ना, सुरुवातीपासून किती मिनिटं झाली तेच लिहू. शून्य, पस्तीस, सत्तर, एकशे पस्तीस. इतकं साधं मला सुचलं नव्हतं.

पण मला सांगायचंय ते पावसाचं.

आपल्याकडं शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जून संपता संपता. त्या वर्षी उघडल्या उघडल्या आम्ही पर्जन्यमापक बनवला. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, जिथून ती गळ्याकडं निमुळती होते तिथं कापायची, वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. बाटलीचं बूड फुलासारखं उंचसखल असतं म्हणून तळाशी आधी बारीक गिट्टी आणि थोडं पाणी, जिथं बाटली सरळ होते तिथपर्यंत, तिथं शून्याची रेघ, आणि तिथून वर पट्टी चिकटवायची. तोंड आणि अंग सारख्याच रुंदीचं असल्यामुळं पट्टीवर जेवढे मिलिमीटर तेवढाच पाऊस, गणित काही नाही. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी, हे सांगितलं तेव्हा एकानं एकराचा हिशोब काढला, चार हजारच्या वर लिटर, आणि "बाप्पा!" म्हणून डोक्यालाच हात लावला.

हवामान खात्याचं पावसाचं मोजमाप सकाळी साडेआठला होतं, मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर पडतो. आमची शाळा साडेदहाची. पण शाळेच्या मागंच घर असलेला एक पोरगा होता, तो म्हणाला मी पाहतो जी. ब्रश तोंडात घेऊन कंपाउंडवरून उडी मारायचा, आकडा बघायचा, हातावर पेननं लिहायचा, बाटली ओतायचा. शाळेत आल्यावर हातावरचा आकडा वहीत, वहीतला संगणकात.

ऑगस्ट संपताना आम्ही दोन महिन्यांचा स्तंभालेख काढला. पावसाचा आलेख खांबांचाच चांगला, रोजच्या पावसाचे ठिपके रेघेनं जोडण्याला काही अर्थ नाही, मंगळवारचा पाऊस आणि बुधवारचा पाऊस यांच्या मधला असा काही पाऊस नसतो. सगळे स्क्रीनसमोर गर्दी करून. आणि मागून एक आवाज, "सोमवारीच काहून जास्त पाऊस पडते जी?"

बघितलं तर खरंच. सगळे सोमवार नाही, पण उंच खांब मोजले तर त्यातले बरेचसे सोमवारी. एक जण लगेच म्हणाला महादेवाचा वार हाय, श्रावण चालू हाय. दुसरा म्हणाला अबे जुलैत कुठं होता श्रावण. एकानं तर सोमवारी शाळा उघडते म्हणून पाऊस येते असा मुद्दा मांडला, त्याला बराच पाठिंबा मिळाला. मी काही बोलले नाही, खरं सांगायचं तर मलाही पहिल्या झटक्यात कळलं नव्हतं, मी नुसती शहाण्यासारखी गप्प होते.

मग खिडकीजवळ बसणारी एक पोरगी, जी वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल, ती म्हणाली, "रविवारी बाटली कोण पाहते?"

कोणी नाही. रविवारी तो पोरगा बापाबरोबर डवऱ्यामागं वावरात जात होता. रविवारचं पाणी बाटलीतच राहायचं, सोमवारी सकाळी दोन दिवसांचं एकत्र मोजलं जायचं. आणि रविवारच्या रकान्यात? तिथं शून्य. मी विचारलं, शून्य कोणी भरलं? तर म्हणाला मीच भरलं, खाना खाली दिसत होता ना मॅडम.

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. कारण आम्ही मोठी माणसंही तेच करतो. वर्षभर मास्तर लोकांना माहिती भरावी लागते, ऑनलाइन, लाल चांदणी असलेला रकाना भरल्याशिवाय पान पुढं सरकत नाही, मग माहीत नसलं की शून्य टाका आणि पुढं चला. मी स्वतः किती शून्यं भरली असतील. ती कुठं जातात, कोणत्या आलेखात कोणता खांब बुटका करतात, देव जाणे.

त्या दिवशी तासिका त्याच्यावरच गेली. शून्य म्हणजे मी गेलो, बघितलं, बाटली कोरडी होती. रिकामं म्हणजे कोणी बघितलंच नाही. रेषालेखात हा फरक निदान दिसतो, शून्याला रेघ खाली जमिनीवर येते, रिकाम्या खान्याला रेघ तुटते. खांबांत मात्र दोन्ही सारखेच, खांबच नाही. मग आम्ही खांबांवर आकडे दाखवायची खूण चालू केली, मोजलेल्या कोरड्या दिवशी जमिनीवर छोटंसं ० दिसतं, न मोजलेल्या दिवशी काहीच नाही. आणि सोमवारच्या खांबांचा रंग बदलून टाकला, राखाडी, म्हणजे हा दोन दिवसांचा आहे.

स्तंभालेखाची जन्मकथा मला नंतर कळली आणि मी जाम खूश झाले. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसानं १७८६ साली देशांच्या व्यापाराचे आलेख छापले, वर्षामागून वर्ष चालणाऱ्या रेघांचे. पण स्कॉटलंडची त्याच्याकडं एकाच वर्षाची माहिती, १७८०चा ख्रिसमस ते १७८१चा ख्रिसमस. एका वर्षाची रेघ कशी काढणार? मग त्यानं एकेका देशासाठी आडव्या पट्ट्या काढल्या. म्हणजे माहिती अपुरी होती म्हणून पट्ट्या आल्या. त्यानंही मधली वर्षं शून्यानं भरून रेघ ओढली असती तर, असं मी वर्गात म्हटलं. वर्ग त्या शाळेमागच्या घरच्या पोराकडं बघून हसला, तोही हसला.

दुसऱ्या वर्षी डोक्यात वेगळंच आलं. कृषी विभागाचं दरवर्षीचं सांगणं असतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मृगात दोन सरी येतात, लोक टोबणी करतात, मग खंड पडतो आणि दुबार पेरणी. म्हटलं रोजचा खांब राहू द्या, आपण पावसाची चढती बेरीज काढू. सम फॉर्म्युला, पहिल्या खान्याच्या पत्त्यात आकड्याच्या आधी डॉलर. डॉलर म्हणजे खुंटा, असं समजावलं. गोऱ्ह्याचं एक टोक खुंट्याला बांधलं की दोर लांबत जाते पण खुंटा हलत नाही. बेरीज नेहमी पहिल्या दिवसापासून. बाजूला अजून एक रकाना, त्यात सगळीकडं १००, म्हणजे आलेखात एक आडवी रेघ. पावसाची रेघ पायऱ्यांसारखी चढत जाईल आणि ज्या दिवशी आडवी रेघ ओलांडेल त्या दिवशी पेरा. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पोरं प्रिंट घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी एकीचे वडील शाळेत आले, डोक्याला दुपट्टा, हातात तो कागद. फार हसत होते. म्हणाले, "मॅडम, तुमच्या शायेच्या पावसावर पेरलं असतं तर पोळ्याले पेरलं असतं."

कारण आमची बेरीज शाळा उघडल्यापासून सुरू. जूनचा सगळा पाऊस आमच्या कागदावर पडलाच नव्हता. त्यांची पऱ्हाटी बोटभर वर आलेली होती आणि आमचा आलेख म्हणत होता थांबा. खुंटाच चुकीच्या जागी ठोकलेला. म्हणजे पुन्हा तेच, बाटली ठेवली त्या आधी पाऊस नव्हता असं आम्ही धरून चाललो होतो, न बोलता.

मग पुढच्या उन्हाळ्यात मे संपायच्या आधी बाटली त्या मागच्या घरच्या पोराच्या अंगणात गेली. तो आता नववीत, दुसऱ्या गावच्या शाळेत सायकलनं जातो, पण पावसाचं काम सोडायला तयार नाही. हाताखाली लहान बहीण घेतली, ती आमच्याकडं सहावीत. रविवारी ती बघते. वहीत रिकामा खाना तिला चालतच नाही, तिनं मला एकदा सांगितलं की माझा भाऊ आळशी होता.

आणि जुलैत झड लागली. तीन दिवस. आमच्याकडं झड म्हणजे आभाळ खाली टेकते आणि दिवस संध्याकाळ कळत नाही. नाल्याच्या पुलावरून पाणी, एसटी बंद, मी आर्वीत अडकले. दोन दिवसांनी शाळेत पोचले तर ग्राउंडवर चिखल, काठावरच्या वावरांत पऱ्हाटी आडवी, काही ठिकाणी नुसती माती खरवडून नेलेली. बहीणभावांची वही मात्र भरलेली होती. आधी ४१. मग ५८. मग तिसऱ्या दिवशी तिच्या गोल गोल अक्षरात, "बाटली भरून वाहून गेली."

बाटलीला पट्टी १५०पर्यंतच होती.

तिनं संगणकात प्रामाणिकपणे लिहिलं, "१५० च्या वर". आलेख काढला. आणि मला एकदम तो माठ आठवला. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या पावसाच्या दिवशी खांबच नव्हता, जमिनीवर एक इवलंसं ०. चढत्या बेरजेची रेघ त्या दिवशी सपाट, पायरीच नाही, सम फॉर्म्युला मजकूर आला की तो गपचूप वगळून पुढं जातो. ज्या दिवशी पूल बुडाला तो दिवस आमच्या आलेखात कोरडा ठणठणीत.

काय करायचं यावर वर्गात खूप वाद झाला. दीडशे लिहा, एक म्हणाला. मग ते बरोबर दीडशेच पडला असं होईल. दोनशे लिहा, माझा बाप म्हणते दोनशेच्या खाली नव्हता. बापानं मोजला का बे? खाना रिकामा सोडा. अरे पण ती गेली होती ना बघायला, भर पावसात, पोतं पांघरून, रिकामं कसं म्हणायचं. मी बसून ऐकत होते. एक्सेलमध्ये आकडा आहे, शून्य आहे, रिकामं आहे. "मी बघितलं पण माझी बाटली पुरली नाही" यासाठी खाना नाही. शेवटी ठरलं की खान्यात १५०, पण प्रिंट निघाल्यावर त्या खांबाच्या डोक्यावर पेननं बाण काढायचा, वर, कागदाच्या कडेपर्यंत. तिनं लाल पेननं काढला, पट्टी धरून.

आठवड्यानं तेच काका पुन्हा आले, पोळ्यावाले. या वेळी हसत नव्हते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, पण तो मोजतात महसूल मंडळाच्या केंद्रावर, आणि आमच्या गावापासून ते केंद्र बरंच लांब, नाल्याच्या पल्याड. तिथं त्या दिवशी तेवढा नोंदला गेला नाही असं त्यांच्या कानावर आलं होतं. पावसाचं असंच असतं, एका धुऱ्यावर पडतो, दुसऱ्यावर नाही. ते म्हणाले, "मॅडम, पोरगी म्हणते शायेत लिवलेलं हाय. त्याचा कागद भेटन का?"

मी सांगितलं की काका, ही कोल्ड्रिंकची बाटली आहे, याला सरकारी किंमत काही नाही. ते म्हणाले ठाव हाय जी, पण द्या. मी प्रिंट दिली. त्यांनी खांबांवरून बोट फिरवलं, राखाडी कुठले ते विचारलं, मग सातबारा ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालता घालता थांबले.

"सारं मशीननं काढलं, मंग हा बाण पेननं काहून काढला?"

ती सहावीतली पोरगी दाराशीच उभी होती.

"बाटलीच तेवढी होती ना, काका."